गॅलरीतली नदी

मास्तरांच्या घरात नदी शिरली ती पुराने नव्हे, परिपत्रकाने. नदीसंवर्धन आणि स्थानिक वन्यजीव या विषयात मुलांनी वर्षभरात काय आत्मसात केलं, याची परीक्षा लेखी न घेता प्रात्यक्षिकातून घ्यावी असं वरून कळवण्यात आलं होतं. सोबत छापील नमुना उत्तरं होती. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, ते परिपत्रक बोलता बोलता मास्तरांच्या हातात अशा बेताने सरकवलं की आपण ते घेतलं आहे हे मास्तरांना वर्गात पोहोचल्यावर समजलं. शाळेत असली कामं अशीच वाटली जातात.

या खेपेला मात्र काम नुसते कागद रंगवायचं नव्हतं. शाळेमागे नदीचा एक मातीचा काठ होता. दर आठवड्याला मास्तर मुलांना तिथे नेत आणि मुलं चिखलात उतरून खेकडे, कासवं, बगळे बघत. त्या काठावर सिमेंटची भिंत बांधून वर फिरायला फरशी घालायचं घाटत होतं. मुलांची प्रगती समाधानकारक ठरली तर काठ शाळेसाठी तसाच राखायचा, नाहीतर भिंत, असं ठरलं होतं. वर्गात जिला सगळे 'वकील' म्हणत त्या मुलीने सरळच विचारलं, "सर, म्हणजे नापास आम्ही व्हायचं आणि कासवांना घराबाहेर काढायचं?"

"असं वाकड्यात शिरायचं नाही," मास्तर म्हणाले. आणि ते फळा पुसायला वळले.

परीक्षेच्या बाबतीत मास्तर फार कडक. उत्तर उशिरा आलं तर बरोबर असूनही अर्धाच गुण, हा त्यांचा नियम साऱ्या शाळेला पाठ होता. सख्ख्या भाच्यालाही त्यांनी असाच अर्धा गुण दिला होता आणि त्यानंतर बहिणीने बरेच दिवस अबोला धरला होता. तेव्हा प्रात्यक्षिक घ्यायचं तर ते चोख घ्यायचं असं त्यांनी ठरवलं. नदीची हुबेहूब प्रतिकृती करायची, मुलांनी मातीचे प्राणी करून आणायचे आणि ज्याचं घर जिथे असतं तिथे ते ठेवायचे. जागा बरोबर तर गुण.

प्रतिकृती शाळेत मावेना. प्रयोगशाळेत मोडके बाक ठेवले होते आणि मोडक्या बाकांच्या खोलीत प्रयोगशाळा. त्यामुळे नदी मास्तरांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत आणायचं ठरलं.

"आणि कपडे?" बायकोने विचारलं.

"नदीकाठी वाळत घालू," मास्तर म्हणाले. त्या हसल्या नाहीत.

खालच्या मजल्यावर निवृत्त इंजिनिअर काका राहत. निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे सल्ल्यांचा साठा फार झाला होता. त्यांनी पत्र्याचा लांब ट्रे करायला सांगितलं, उताराचा नकाशा काढून दिला आणि पाणी खालून पुन्हा वर चढवायला कूलरचा पंप सुचवला. समोरच्या शिंप्याने ट्रेखाली प्लास्टिक अंथरायला सांगितलं. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी डासांबद्दल आत्ताच सांगून ठेवलं, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको. पत्रेवाल्याने ट्रे मापाबरहुकूम केला. फक्त दाराचं माप कुणी घेतलं नव्हतं. तो जिन्यात अडकला, तेव्हा दोरीने बाहेरून वर ओढावा लागला, आणि त्यासाठी गॅलरीची जाळी काढावी लागली. जाळी काढलेली दिसताच इमारतीचे सेक्रेटरी आले. नदी ठेवायची परवानगी बांधकामात बसते की पाळीव प्राण्यांत, यावर त्यांनी बराच विचार केला आणि शेवटी ती कुंड्यांमध्ये घातली.

मुलांनी नदीकाठची ओली माती, वाळू आणि गोटे बादल्या भरभरून आणले. मास्तरांनी बाजारची वाळू चालेल असं सुचवून पाहिलं होतं. पण "खरं तेच हवं, सर," असं वकिलीणबाईंनी ठणकावलं आणि बादल्या जिना चढत राहिल्या. काठ रचला, मुळं रोवली, सुकी फांदी उभी करून झाड केलं. पंप लावताच पाणी झुळझुळ वाहू लागलं, आणि तासाभरात काकांच्या छतातूनही वाहू लागलं. काकांचं म्हणणं असं की उतार बरोबर आहे, इमारतच कललेली असणार. वाद रंगात आला असताना पंपातून धूर निघाला. मास्तरांनी तो दुरुस्तीला टाकला आणि परीक्षा कोरड्या नदीत घेतली.

परीक्षेला मुलं आपापले प्राणी ओंजळीत घेऊन आली. एकाने खंड्या पक्षी काठाच्या मातीत बोटाने बीळ करून आत ठेवला.

"फांदीवर," मास्तर नमुना उत्तर बघून म्हणाले.

"सर, त्याचं घरटं बिळात असतं. तुम्हीच दाखवलं होतं."

"दाखवलं होतं. पण इथे फांदी छापली आहे." मास्तरांनी गुण कापला आणि खंड्या उचलून फांदीवर बसवला. कुणी पाणमांजर मुळांच्या पोकळीत ठेवलं होतं, ते त्यांनी प्रवाहात आणलं. कुणी खेकडा दगडाखाली सारला होता, तो वाळूवर मांडला. छापील यादीत चिलापी मासाही होता. मुलांनी तो केलाच नव्हता, कारण तो इथला नव्हे. कुणीतरी बाहेरून आणून नदीत सोडलेला. मास्तरांना हे माहीत नव्हतं असं नाही. तरी त्यांनी स्वतः बसून चिलापी केला आणि ऐन मध्यावर ठेवला. तो छान जमला होता.

शेवटी वकील आली. तिने एक माणूस केला होता. ढेरी, शर्टाच्या खिशात पेन, आणि तारेचा चष्मा.

"हा कोण?"

"माणूस. नदीकाठी राहतो."

"याला चष्मा कशाला?"

"त्याला लांबचं दिसत नाही, सर."

यादीत माणूस नव्हता, तेव्हा शून्य. पण विद्यार्थ्याचं काम मोडायचं नसतं, म्हणून मास्तरांनी त्याला काठाला उभं राहू दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी बायको म्हणाल्या, "अहो, निजायच्या आधी तो पंप बंद करत जा. त्या आवाजाने डोळ्याला डोळा नाही लागला."

"पंप दुरुस्तीला दिलाय," मास्तर म्हणाले.

 दोघं कप तसेच ठेवून गॅलरीत गेले. पाणी वाहत होतं. संथ, स्वच्छ, वरून खाली. वर ते कुठून येत होतं ते दिसत नव्हतं आणि खाली कुठे जात होतं तेही. मास्तरांनी नळ पाहिला, तो घट्ट बंद होता. काकांना हाक मारून विचारलं, तर त्यांचं छत खडखडीत कोरडं होतं.

"उतार," मास्तर म्हणाले. "काकांचा उतार."

"उताराने पाणी खाली येतं. परत वर कसं जातं?"

मास्तर विज्ञान शिकवत असल्यामुळे त्यांनी शाळेला उशीर होत असल्याचं सांगितलं.

निघताना त्यांचं लक्ष खंड्याकडे गेलं. तो बिळात होता. पाणमांजर मुळांत, खेकडा दगडाखाली. माणूस गॅलरीच्या मोरीत पालथा पडला होता. आणि घराच्या दाराची आतली कडी काढून ते बाहेर आले, तर पायपुसण्यावर चिलापी उताणा ठेवलेला.

दुसरा कुणी असता तर त्याची बोबडी वळली असती. मास्तरांचा संताप झाला. भुताखेतांवर त्यांचा विश्वास नव्हता, गैरप्रकारांवर होता. पेपर झाल्यावर कुणीतरी उत्तरं बदलत होतं आणि तेही परीक्षकाच्या घरात शिरून. त्यांनी पहिली चौकशी बायकोची केली.

"मुलांवर तुझा जीव आहे, मान्य. पण गुणांशी खेळायचं नाही."

"मी तुमच्या त्या चिखलाला हातही लावलेला नाही," त्या म्हणाल्या. "आणि लावला असता तर तुमचा पुतळा मोरीत कशाला टाकला असता? मोरी मलाच घासावी लागते."

हा युक्तिवाद मास्तरांना पटला. त्यांनी सगळे प्राणी पुन्हा छापील जागी ठेवले, गॅलरीचं दार लावलं, फटींवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या आणि प्रत्येक पट्टीवर आडवी सही केली. प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्यांना लावतात तसं मोहोरबंद काम झालं. सकाळी पट्ट्या जशाच्या तशा होत्या. फक्त ओलसर झाल्या होत्या आणि सहीची शाई ओघळली होती. आत प्राणी मुलांनी ठेवले होते तिथे होते. चिलापी पायपुसण्यावर. मातीचा माणूस या वेळी पालथा नव्हता. त्याला कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं.

मास्तरांनी आजवर पुष्कळ मुलांना असं उभं केलं होतं. आपण पाठीमागून असे दिसतो हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी त्याला हळूच वळवलं आणि त्याचा चष्मा सारखा केला.

मग त्यांनी पर्यवेक्षक नेमला. काकांना दुपारी मोकळा वेळ असे. ते खुर्ची, वर्तमानपत्र आणि उतार मोजायची पट्टी घेऊन गॅलरीत बसले. मास्तर शाळेतून परतले तेव्हा काका गॅलरीत नव्हते. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून पाणी पीत उभे होते.

"कोण आलं होतं?" मास्तरांनी विचारलं.

"कोणी नाही."

"मग काही हललं का?"

"तसं हलताना नाही दिसलं," काका म्हणाले. "मी पान उलटलं आणि बघतो तर कासव खडकावर."

"आणि त्याच्या आधी?"

काकांनी भांडं खाली ठेवलं. "त्याच्या आधी ते माझ्याकडे बघत होतं."

त्या दिवसापासून काकांनी उताराचा विषय काढला नाही. जिन्यात भेटले की "सगळं ठीक ना वर?" असं दबक्या आवाजात विचारत आणि उत्तराची वाट न पाहता जात. वरच्या वहिनींना डास आढळले नाहीत, पण आपल्या स्वयंपाकघरात बेडकांचा आवाज ऐकू येतो अशी त्यांची तक्रार आली. सेक्रेटरींनी ती कुंड्यांच्या फाइलला लावली. मास्तरांच्या बायकोने मात्र कपडे आतल्या खोलीत वाळत घालायला सुरुवात केली आणि गॅलरीत जाताना त्या चपला बाहेर काढू लागल्या. मास्तरांनी कारण विचारलं. "कुणाच्या तरी घरात शिरल्यासारखं वाटतं," त्या म्हणाल्या.

मास्तर रोज प्राणी उचलत आणि छापील जागी ठेवत. कासवाची पाठ हाताला ओली लागे, बगळ्याचा पाय किंचित गरम. वाळलेल्या मातीला असं नसतं हे त्यांना कळत होतं. त्यांना भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त अपमान वाटत होता. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांचे पेपर कुणी फेरतपासले नव्हते.

परीक्षण करायला शिक्षण खात्याचे साहेब येणार होते त्याच्या आदल्या संध्याकाळी मास्तरांनी डिंकाची बाटली आणली. साहेब नमुना उत्तरं हातात धरून गुण देणार हे उघड होतं. मुलांनी ठेवल्या तशा जागा राहिल्या तर मुलं नापास, काठ गेला. छापल्याबरहुकूम असल्या तर सगळे पास, काठ वाचला. परीक्षकाने स्वतःच उत्तरं चिकटवायची हे त्यांच्या तत्त्वात कुठेच बसत नव्हतं, पण काठ त्यांनाही हवा होता. मान खाली घालून त्यांनी एकेक प्राणी डिंकाने पक्का केला. साहेबांना माणसाचं काय सांगायचं ते ठरेना, म्हणून त्यालाही पाण्याच्या कडेला चिकटवून टाकलं.

सकाळी ऊन लख्ख पडलं होतं. नदीच्या पात्रात डिंकाचे गोल डाग तेवढे राहिले होते. गॅलरीच्या भिंतीला छताजवळ एक फळी होती, तिच्यावर सगळे प्राणी ओळीने बसले होते. कासवाशेजारी खेकडा, पाणमांजराला खेटून बेडूक. कुणी कुणाला खात नव्हतं. सगळ्यांची तोंडं भिंतीकडे, पाठी नदीकडे. मातीचा माणूस एकटाच खाली होता, चिकटवला होता तिथेच.

त्यांना हलवायला वेळ उरला नाही, कारण साहेब जिना चढत होते. मागे मोठ्या बाई, त्यांच्या मागे मुलं. साहेबांचा कार्यक्रम आखलेला होता. इथे गुण द्यायचे, मग नदीकाठी जायचं. तिथे मांडव घातला होता, खुर्च्या मांडल्या होत्या, आणि मुलांनी हातात फलक धरून पाण्यात ओळीने उभं राहायचं होतं, फोटोसाठी.

"प्राणी कुठे आहेत?" साहेबांनी विचारलं.

"फळीवर," मास्तर म्हणाले.

साहेबांनी कागद उलटसुलट पाहिला. "यात फळी नाही."

"सर, पाणी बघा," वकील म्हणाली.

इतके दिवस नितळ असलेलं पाणी गढूळ झालं होतं. वरून फेस येत होता. फेसाबरोबर काटक्या, कुजकी पानं, गवताच्या जुड्या येत होत्या आणि ट्रेच्या खालच्या टोकाशी नाहीशा होत होत्या. गॅलरीत ना काटक्या होत्या, ना गवत.

 मग एकाने सुरुवात केली आणि बाकीच्यांनी पाढा म्हणावा तसं म्हटलं, "इथे ऊन असलं तरी पाणी गढूळ झालं, काटक्या आणि फेस आला, म्हणजे वर कुठेतरी मोठा पाऊस झालाय. प्राणी वर सरकतात. आपणही काठ सोडायचा."

हे मास्तरांनीच शिकवलं होतं, काठावर उभं राहून. तेव्हा अर्धी मुलं बेडकांमागे धावत होती आणि कुणी ऐकत नाही म्हणून मास्तर ओरडले होते.

"छान पाठ आहे," साहेब म्हणाले. "पण हे गॅलरीतलं पाणी आहे."

"माती तिथलीच आहे," वकील म्हणाली.

"बरं, चला सगळे नदीवर. उशीर होतोय."

एकही मूल हललं नाही. सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर खाली पाहत होते. पाणी मातीच्या माणसाच्या घोट्यांवर चढलं होतं आणि डिंकामुळे त्याला हलता येत नव्हतं. त्याच क्षणी मास्तरांना आपले पाय गार लागले. ते फरशीवर, बुटांत उभे होते आणि त्यांचे मोजे ओले झाले होते. हळूहळू ओल पोटरीपर्यंत आली.

"मुलं येणार नाहीत," ते म्हणाले.

मोठ्या बाई त्यांच्या कानाशी आल्या. "मास्तर, विचार करा. काठ जाईल."

"जाऊ दे," मास्तर म्हणाले. "मुलं जाणार नाहीत."

साहेबांनी सगळ्यांच्या नावापुढे शून्य मांडलं, 'सहकार्य नाही' असा शेरा मारला आणि मोठ्या बाईंना घेऊन गाडीने निघून गेले. मास्तरांनी मुलांना गच्चीवर नेलं. तिथून शाळा, पूल आणि काठ दिसत होता. ऊन तसंच होतं. मुलं कठड्याला लागून उभी राहिली. काही वेळ काहीच झालं नाही, आणि आयुष्यभराची अब्रू आपण एका ट्रेवर उधळली असं मास्तरांच्या मनात येऊ लागलं.

मग आवाज आला. रस्त्यावर पुष्कळ गाड्या एकदम याव्यात तसा, पण रस्ता मोकळा होता. नदी वळणावरून तपकिरी भिंतीसारखी आली आणि काठावर चढली. मांडव उभाच्या उभा उचलला गेला. पाठोपाठ खुर्च्या निघाल्या, मांडल्या होत्या तशाच ओळीने, आणि त्यांच्या मागे 'हार्दिक स्वागत' लिहिलेलं कापड पुलाखालून गेलं. साहेबांची गाडी पुलाच्या अलीकडे थांबलेली दिसली. दार उघडं होतं आणि साहेब बाहेर उभे होते.

मास्तरांनी मुलं मोजली. पुन्हा मोजली. मग त्यांना रडू आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही. वकिलीणबाईंनी त्यांचा हात धरला आणि पहिल्यांदाच काही युक्तिवाद केला नाही.

पाणी उतरल्यावर शाळा उघडली, तर पायऱ्यांवर कासवं बसली होती. मोठ्या बाईंच्या टेबलाखाली पाणमांजराचं बिऱ्हाड होतं आणि मोडक्या बाकांवर बगळे. साहेब आले, ते हे सगळं हिंडून बघत राहिले. त्यांनी शून्यं खोडली, प्रत्येकापुढे 'समाधानकारक' लिहिलं, काठ आहे तसा ठेवावा अशी शिफारस केली आणि नमुना उत्तरांचा कागद बराच वेळ हातात धरून शेवटी खिशात ठेवला. जाताना त्यांनी विचारलं, "तुमच्या गॅलरीत तो पंप कोणत्या कंपनीचा आहे?"

"पंप अजून दुरुस्तीतच आहे," मास्तर म्हणाले. 

पुराच्या त्या दिवशी गच्चीवरून मुलांना घरी पोहोचवून मास्तर जेव्हा गॅलरीत आले होते, तेव्हा ट्रे कोरडा ठणठणीत होता. माणूस उभा होता तिथे डिंकाच्या डागात दोन पावलांचे ठसे होते. माणूस नव्हता. मास्तरांनी आधी मोरीत पाहिलं, मग कोपऱ्यात, मग दाराबाहेर पायपुसण्यावर. शेवटी स्टूल आणून ते फळीपाशी चढले. ओळीच्या टोकाला, कासवाच्या शेजारी, मातीचा माणूस बसला होता. गुडघ्यापर्यंत ओला. चष्मा पुसलेला.

त्याच्यापुढे फळीवरच्या धुळीत ओल्या बोटाने काहीतरी लिहिलं होतं. मास्तरांनी आपला चष्मा पुसून वाचलं. अर्धा गुण.

"काय आहे वर?" खालून बायकोने विचारलं. "फडकं देऊ का? केवढी धूळ बसलीय तिथे."

"नको," मास्तर म्हणाले. ते बराच वेळ स्टुलावर उभे राहिले. अक्षर वाळून गेलं, तरी फेरतपासणीची मागणी काही त्यांनी केली नाही.